ताळा जुळला तरी

हैदराबाद,
रविवार सकाळ

चि. चिऊ,

तुझा प्रोग्रॅम पोचला. सोबत तू लिहिलंयस की पुस्तकातल्या संख्यांशी उत्तर तंतोतंत जुळतंय, तरी मामानं तो एकदा नजरेखालून घालावा. घातला, आणि मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो, कारण तुझ्या त्या वीसेक ओळींत बोलण्याजोगं बरंच आहे. आधी एक गोष्ट मनापासून सांगतो. तू विषय फार चांगला निवडलास. सी भाषा शिकणारी मुलं संख्यामालिका म्हटली की फिबोनाचीपाशी जातात, फार तर आर्मस्ट्राँग संख्या आणि पॅलिंड्रोमपर्यंत पोचतात. इथे अमीरपेठेत मैत्रीवनमच्या आसपासच्या गल्ल्यांत कोचिंगवाल्यांच्या झेरॉक्स केलेल्या 'मटेरियल'च्या चळती विकायला असतात, त्यांतही याच प्रोग्रॅमची रांग असते. तू देवळालीच्या कापरेकरांची मालिका घेतलीस. कोणतीही संख्या घ्यायची, तिच्या अंकांची बेरीज तिच्यातच मिळवायची, आलेल्या संख्येला पुन्हा तेच करायचं. एकापासून निघालं की १, २, ४, ८, १६ येतात, आणि आता ३२ येणार असं मन म्हणत असतानाच येतात २३, कारण १६ मध्ये १ आणि ६ मिळवायचे असतात. ही पाचवी-सहावी पायरी मला या मालिकेत सर्वांत मोलाची वाटते. पहिली पाच पदं पाहून जो नियम आपण मनात बांधला, तो सहाव्या पदाला मोडतो. हे वाक्य लक्षात ठेव, कारण पुढे तुझ्या प्रोग्रॅमबद्दल मला जे म्हणायचंय ते याच्याच पोटातलं आहे.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकले आणि १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत देवळालीला शाळेत शिकवत होते. त्यांचं नाव लोकांना ६१७४ या संख्येमुळे माहीत असतं, पण त्यांनी या बेरजेच्या मालिकेवरही बराच विचार केला. ज्या संख्येपर्यंत कुठल्याच दुसऱ्या संख्येवरून पोचता येत नाही ती त्यांनी वेगळी काढली. २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७ या तशा संख्या आहेत. आपण त्यांना स्वयंभू म्हणतो, आणि त्यांच्या गावावरून देवळाली संख्या असंही नाव त्यांना मिळालं. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरनं सायंटिफिक अमेरिकनमधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं, तेव्हा निवृत्त होऊन त्यांना तेरा वर्षं होत आली होती. हे सगळं काम हातानं झालेलं आहे, आणि हाताचा मुद्दा मला इथे महत्त्वाचा वाटतो. कागदावर १०१ लिहिलं की डोळा आपोआप एक, शून्य आणि एक मिळवतो, संख्येत अंक किती आहेत याचा वेगळा विचार त्याला करावा लागत नाही. तोच नियम प्रोग्रॅमच्या एका ओळीत बसवताना मात्र हा विचार करावाच लागतो. नाही केला, तर न बोलता कुठलं तरी एक उत्तर त्या ओळीत जाऊन बसतं. तुझ्या प्रोग्रॅममध्ये नेमकं हेच झालंय.

तुझी बेरजेची ओळ अशी आहे: एन, म्हणजे हातातलं पद, भागिले १०, अधिक एनला १० नी भागून उरलेली बाकी. सीमध्ये पूर्णांकाला पूर्णांकानं भागलं की अपूर्णांकाचा भाग गळून पडतो, म्हणून ६२ भागिले १० म्हणजे ६, बाकी २, बेरीज ८, पुढचं पद ७०. बरोबर. लूप तू एन शंभरापेक्षा कमी असेपर्यंत चालवलाय, त्यामुळे पडद्यावर तेरा संख्या येतात: १, २, ४, ८, १६, २३, २८, ३८, ४९, ६२, ७०, ७७, ९१. तेराच्या तेरा बरोबर. आता लूपमधला १०० पुसून १००० कर. चौदावं पद १०१ येतं, तेही बरोबर, कारण ते ९१ वरून काढलेलं आहे. पंधरावं पद कापरेकरांच्या नियमानं १०३ यायला हवं. तुझा प्रोग्रॅम १०१ भागिले १० म्हणजे १० धरतो, बाकी १ धरतो, अकरा मिळवतो आणि ११२ छापतो. त्यापुढे १०७ च्या जागी १२५. ती 'दशकाची' संख्या एकच अंक आहे असं ओळीनं गृहीत धरलंय, आणि शंभराच्या आत ते खरंच होतं. पडद्याकडे पाहून काही बिनसलंय असं कुणालाही वाटणार नाही. संख्या वाढतायत, सुरुवातीचा वेगही साधारण तोच आहे, कुठे उणे चिन्ह नाही, कुठे शून्य नाही. चूक ओरडत नाही म्हणून ती जास्त वाईट. बेरजेचं व्हेरिएबल प्रत्येक फेरीला शून्य करायला विसरली असतीस, तर तिसऱ्याच पदाला ४ ऐवजी ५ आले असते आणि तू स्वतःच शोधून काढलं असतंस. अंक वेगळे करताना एनलाच दहानं भागत शून्यावर नेलं असतंस, तर पडदाभर एक एक एक आलं असतं. या चुका नवशिके रोज करतात आणि रोज सुधारतात, कारण त्या लगेच तोंडावर येतात.

तू म्हणशील, आणि तुझ्या जागी मीही हेच म्हटलं असतं, की प्रश्न शंभरापर्यंतच्या संख्यांचा होता. शंभरापर्यंत उत्तर बरोबर आहे, मग प्रोग्रॅम चुकला कुठे? हा आक्षेप मी हलका मानत नाही. तुझ्या बाजूनं तो पूर्ण खरा आहे: जे काम सांगितलं होतं ते या ओळी करतात, आणि 'प्रोग्रॅम चूक आहे' असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण मग उलट बाजूनं विचारतो, हे काम तेवढंच आहे हे प्रोग्रॅममध्ये कुठे लिहिलंय? शंभर ही संख्या वर लूपच्या ओळीत आहे. दोन अंकांचं गृहीतक चार ओळी खाली बेरजेत आहे. ही दोन्ही एकमेकांना बांधलेली आहेत, एक बदललं तर दुसरं बदललंच पाहिजे, आणि ती गाठ फक्त तुझ्या मनात आहे. कदाचित तुझ्या मनातही नाही, कारण तू ती जाणून बांधलेली नाहीस. उद्या तुझी मैत्रीण हाच प्रोग्रॅम घेईल, शंभराचे हजार करील, आणि तुझ्या तेरा बरोबर उत्तरांच्या भरवशावर पुढची चुकीची उत्तरं वहीत उतरवून घेईल. तिची चूक म्हणायची की तुझी? मला तर वाटतं दोघींचीही नाही. न लिहिलेल्या एका वाक्याची आहे.

आणि शंभराच्या आतही सगळं निर्धोक नाही. सुरुवातीची संख्या तू चालवणाऱ्याकडून स्कॅनएफनं घेतेस, हे चांगलं केलंस. त्यानं शून्य दिलं तर? शून्याच्या अंकांची बेरीज शून्य, पुढचं पद शून्य, शंभर कधीच येत नाही, आणि कंट्रोल-सी दाबेपर्यंत पडद्यावर शून्यांची रांग लागते. उणे सोळा दिलं तर भागाकार उणे १, बाकी उणे ६, कारण सीचा भागाकार शून्याकडे झुकतो आणि बाकीला भाज्याचंच चिन्ह मिळतं. पुढचं पद उणे २३, आणि गाडी शंभराकडे पाठ करून धावत सुटते. म्हणजे 'सुरुवात धन संख्येनं होईल' हेही एक गृहीतक आहे आणि तेही कुठे लिहिलेलं नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, आणि पुढचं सगळं पत्र त्याच्याच पुष्टीसाठी: प्रोग्रॅम तपासणं म्हणजे उत्तर जुळतं का ते पाहणं नव्हे. प्रोग्रॅम काय गृहीत धरून चाललाय आणि ते त्यानं कबूल केलंय का, हे पाहणं म्हणजे तपासणं. आउटपुट म्हणजे मूठभर पदांची साक्ष. प्रोग्रॅम मात्र सगळ्याच पदांबद्दल दावा करतो. त्या दोन्हींमधलं अंतर भरून काढायला कुणाला तरी ओळी वाचाव्या लागतात.

यावर एक जास्त मुरलेला आक्षेप येऊ शकतो: नुसतं पुस्तकाशी जुळवू नये हे मान्य, पण दुसरा एखादा स्वतंत्र ताळा घेतला की झालं, ओळी वाचत बसायची काय गरज? चल, ताळा घेऊन पाहू. आपल्याकडे शाळेत नवाचा ताळा शिकवायचे. संख्येला नवानं भागून जी बाकी उरते तीच तिच्या अंकांच्या बेरजेचीही उरते. तेव्हा संख्येत अंकांची बेरीज मिळवणं हे नवाच्या हिशेबात संख्या दुप्पट करण्यासारखंच झालं. म्हणून एकापासून निघालेल्या मालिकेत बाक्या १, २, ४, ८, ७, ५ या क्रमानं यायला हव्यात आणि मग पुन्हा १ पासून तेच चक्र. पडताळून पाहा, २८ ची बाकी १, ३८ ची २, ४९ ची ४, ६२ ची ८, ७० ची ७, ७७ ची ५, ९१ ची पुन्हा १. किती देखणं चक्र आहे! आता तुझं चुकलेलं पद घे. ११२ ची बाकी ४. खऱ्या पदाची, १०३ ची, बाकीही ४. त्यापुढचं तुझं १२५, बाकी ८. खरं १०७, बाकी ८. ताळा जुळला! पुढेही जुळतच राहील, हजारापर्यंत नेलंस तरी. कारण उघड आहे. एनमधून शेवटचा अंक काढून उरलेल्याला एकच अंक मानलं, तरी नवाच्या हिशेबात त्या बेरजेत फरक पडत नाही, कारण दहा आणि एक हे नवाच्या दृष्टीनं सारखेच. तुझी चूक आणि हा ताळा यांचं गोत्र एकच आहे. चुकीला जे दिसत नाही तेच ताळ्यालाही दिसत नाही.

मग दुसरा ताळा घे, आणि तो खुद्द कापरेकरांचाच आहे. मालिकेतल्या सगळ्या संख्यांचे सगळे अंक मिळवायचे असतील, तर एकेक अंक मोजत बसायला नको: शेवटच्या पदातून पहिलं पद वजा करायचं आणि शेवटच्या पदाच्या अंकांची बेरीज त्यात मिळवायची. का, ते सोपं आहे. प्रत्येक पाऊल मागच्या पदाच्या अंकांच्या बेरजेएवढंच असतं, म्हणून सगळी पावलं मिळून शेवट वजा सुरुवात, आणि शेवटच्या पदाचे अंक तेवढे मोजायचे राहतात. १ पासून १०१ पर्यंत चौदा पदांचे अंक हातानं मिळव, १०२ येतात. सूत्रानं १०१ वजा १, अधिक २, म्हणजे १०२. आता पंधरावं पद तुझं ११२ धर. हातानं १०२ मध्ये १, १ आणि २ मिळवले की १०६. सूत्रानं ११२ वजा १, अधिक ४, म्हणजे ११५. नऊचा फरक पडला, चूक पकडली गेली. खरं पद १०३ धरलं की दोन्हीकडे १०६. पण इथेच सावध राहा. हा ताळा मी हातानं घेतला. तू जर तो प्रोग्रॅममध्येच घातलास आणि अंकांची बेरीज करायला तीच ओळ वापरलीस, तर १०१ चे अंक ११ होतील, ११२ चे १३ होतील, एका बाजूला १०० अधिक ११ अधिक १३ म्हणजे १२४, दुसऱ्या बाजूला १११ अधिक १३ म्हणजे १२४, आणि ताळा पुन्हा जुळेल. साक्षीदार आरोपीच्याच घरात राहणारा असेल, तर त्याची साक्ष किती धरायची? कुठला ताळा स्वतंत्र आहे आणि कुठला नाही, हे ठरवायला शेवटी ओळच वाचावी लागते. ताळ्याला माझा विरोध नाही, तो घ्यावाच. पण ताळा वाचनाची जागा घेऊ शकत नाही, आणि हे तुझ्याच प्रोग्रॅमवरून सिद्ध होतंय.

यात आपण गमावतो काय, तेही बघ. कापरेकरांना या मालिकेत रस होता तो पदांची यादी करण्यापुरता नव्हता. दोन वेगळ्या ठिकाणांहून निघालेल्या मालिका कुठे एकत्र येतात, हे त्यांना पाहायचं होतं. अशा संख्येला त्यांनी नाव दिलं होतं जंक्शन. रेल्वेच्या वाटेवरच्या गावात राहणाऱ्याला सुचावं असंच नाव आहे ते. काचीगुड्याहून गाडीनं नाशिककडे यायचं तर मनमाड जंक्शन कसं लागतं, ते तुला ठाऊकच आहे. १०१ हे असं जंक्शन आहे: ९१ वरूनही तिथे पोचता येतं आणि १०० वरूनही. तुझ्या प्रोग्रॅमला ८६ पासून निघायला सांग आणि मर्यादा दोनशे कर. ८६ नंतर १०० येईल, आणि त्यापुढे १०१ ऐवजी ११०. जंक्शन चुकलं. दुसरं घे, ७ पासून निघ: ७, १४, १९, २९, ४०, ४४, ५२, ५९, ७३, ८३, ९४, १०७. एकापासून निघालेली खरी मालिकाही १०१, १०३ करत १०७ वरच येते, आणि तिथून पुढे दोघींची वाट एकच. तुझा प्रोग्रॅम ७ वाल्या गाडीला १०७ वर आणतो, कारण तोवर सगळी पदं दोन अंकी असतात, पण १ वाली गाडी तो १०१ वरून थेट ११२ वर नेतो. कुणी तुझ्या आउटपुटवर विसंबून लिहील की या दोन मालिका १०७ वर भेटत नाहीत. अंक थोडे इकडेतिकडे झाले, एवढ्यावर हे थांबत नाही. ज्या प्रश्नासाठी मालिका काढायची, त्याचंच उत्तर उलटं येतं.

'एवढ्याशा प्रोग्रॅमसाठी एवढा काथ्याकूट कशाला' असं तुला वाटत असेल. मी ज्या शहरात बसून हे लिहितोय, त्या शहराचं उदाहरण देतो. इथलं सायबर टॉवर्स १९९८ साली वाजपेयींच्या हस्ते सुरू झालं. त्याच सुमाराला भारतातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांकडे, हैदराबादेतल्याही, परदेशी बँका आणि विमा कंपन्यांचं एक काम ढिगानं येत होतं: जुन्या कोबोल प्रोग्रॅममध्ये वर्षासाठी दोनच अंक ठेवलेले होते ते शोधून दुरुस्त करायचं. ९९ नंतर ०० येणार, आणि मशीनला दोन हजार साल एकोणीसशे वाटणार. ज्यांनी ते प्रोग्रॅम लिहिले ते अडाणी नव्हते. एका पंचकार्डावर ऐंशी रकाने असायचे, मेमरी महाग होती, प्रत्येक तारखेत दोन अंक वाचवणं शहाणपणाचं होतं, आणि एकोणीसशे नव्व्याण्णव संपेपर्यंत उत्तरं बरोबरच होती. तुझी तेरा पदं जशी बरोबर आहेत, अगदी तशीच. तुझी ओळ ९९ च्या पुढे गेली की कोसळते, त्यांचीही ९९ च्या पुढे. कष्ट पडले ते दोनाचे चार अंक करण्यात फारसे नव्हते. लाखो ओळींत हे गृहीतक कुठे कुठे दडलंय ते शोधण्यात आणि बदललेलं सगळं पुन्हा तपासण्यात ते पडले, कारण लिहिणाऱ्यानं 'हे एकोणीसशेतल्याच वर्षांसाठी' असं कुठेही नोंदवलं नव्हतं. कित्येक लिहिणारे तोवर नोकरीतून निवृत्त झालेले होते. विचारणार कुणाला?

ही जुन्या काळची किंवा कच्च्या हाताची गोष्ट आहे असंही समजू नकोस. क्रमानं लावलेल्या यादीत मधोमध पाहून अर्धी यादी बाजूला सारत जायचं, ही बायनरी सर्च तुला लवकरच शिकवतील. जॉन बेंटलीनं आपल्या प्रोग्रॅमिंग पर्ल्स या पुस्तकात ती नीट सिद्ध करून दाखवली. सुरुवात आणि शेवट यांची बेरीज करून तिला दोनानं भागायचं, की मधला क्रमांक मिळतो. याच पद्धतीनं ती जावा भाषेच्या अधिकृत लायब्ररीत लिहिली गेली, आणि वर्षानुवर्षं असंख्य लोकांनी वापरली. २००६ साली त्या लायब्ररीचा लेखक जोशुआ ब्लॉक यानंच जाहीर केलं की तिच्यात दोष आहे: यादी अब्जाच्या घरात गेली की ती बेरीज इंट या पूर्णांकाच्या प्रकारात मावत नाही आणि ऋण होते. गणिताची सिद्धता खोटी नव्हती. तिच्यात पूर्णांक अमर्याद होते, आणि मशीनमधले पूर्णांक तसे नसतात. लहान याद्यांच्या काळात हा फरक कुणाला दिसलाच नाही. तेव्हा गृहीतक लिहायचं राहून जाणं ही पट्टीच्या लोकांचीही चूक आहे. तुला ती पहिल्याच वर्षी दाखवली गेली तर त्यात तुझा फायदा आहे.

आता तपासणाऱ्याबद्दल. मी तुझ्या प्रोग्रॅमवर लाल शाईनं आणखीही बरंच लिहू शकलो असतो. व्हॉइड मेन आहे, तिथे इंट मेन हवं. कोनिओ ही हेडर फाइल आणि गेटसीएच टर्बो सीच्या काळातली आहेत. व्हेरिएबलची नावं ए, बी, सी अशी आहेत. कंस कुठे आत, कुठे बाहेर. हे सगळं सुधारशीलच. पण नवशिक्याच्या हातात अशा वीस सूचनांची यादी दिली की त्या वीसमधली कुठली एक जीवघेणी आहे आणि कुठल्या एकोणीस नुसत्या शिस्तीच्या आहेत, हे त्याला कळत नाही. तो कंस सरळ करतो आणि ११२ तसाच राहतो. नवशिक्याला जरा सांभाळून घ्यावं, पहिल्याच प्रोग्रॅमला इतकं खोलात जाऊ नये, असं म्हणणाऱ्यांचा हेतू मला कळतो; मुलं घाबरून हा विषय सोडून देतात हेही खरं आहे. पण ती घाबरतात ती अशा यादीनं, किंवा 'एवढंही कळत नाही का' या सुरानं. 'तुझी ही ओळ कोणत्या संख्यांसाठी खरी आहे?' असं विचारलं तर कुणी घाबरत नाही. तो प्रश्न सन्मानाचा आहे, कारण त्यात समोरच्याकडे विचार आहे असं धरलेलं असतं. नुसतं 'छान, जुळलं' म्हणून पाठ थोपटली असती, तर तुझ्या ओळी मी वाचल्याच नाहीत असा त्याचा अर्थ झाला असता.

कंपायलरनं का नाही सांगितलं, असं विचारशील तर उत्तर असं की त्याच्या दृष्टीनं तुझ्या ओळीत वावगं काहीच नाही. सगळे इशारे चालू करून बघ, या ओळीबद्दल तो गप्प बसेल. तो वाक्याचं व्याकरण पाहतो. तुझ्या मनात कापरेकर होते, हे त्याला कळायला मार्ग नाही. आणि हल्ली ओळी लिहून देणारी यंत्रंही आली आहेत, मग आपण वाचायचं कशाला, हा प्रश्न वर्गात कुणीतरी काढणारच. यंत्रानं लिहिलेल्या ओळीतही दोन अंकांचं गृहीतक असू शकतं, आणि तिथे तर 'तुझ्या मनात काय होतं' असं विचारायला माणूसही नसतो. तेव्हा वाचणं वाढलंय, कमी झालेलं नाही.

दुरुस्तीचे दोन रस्ते आहेत आणि दोन्ही प्रामाणिक आहेत. पहिला म्हणजे ओळ तशीच ठेव, पण वर कॉमेंट लिही की ही बेरीज ० ते ९९ याच संख्यांसाठी आहे, आणि शंभर ही मर्यादा एकदाच नाव देऊन ठेव, म्हणजे बदलणाऱ्याच्या डोळ्यांत ते वाक्य भरेल. दुसरा म्हणजे अंकांची बेरीज करणारं छोटं फंक्शन वेगळं लिही: संख्या शून्य होईपर्यंत बाकी मिळवत जा आणि दहानं भागत जा. इथे मूळ एन नष्ट होईल अशी भीती नको. सीमध्ये फंक्शनला संख्येची प्रत मिळते, ते प्रत कुरतडतं, मूळ संख्या मेनमध्ये शाबूत राहते. सुरुवातीची संख्या एकापेक्षा कमी असेल तर निरोप छापून तिथेच थांब. मी दुसरा रस्ता घेईन, पण मग नवं गृहीतक येतं हे विसरू नकोस: एन इंटमध्ये मावला पाहिजे. सीचं मानक इंटला किमान ३२,७६७ पर्यंतचीच हमी देतं. टर्बो सीमध्ये इंट सोळा बिटांचा, म्हणजे तेवढाच असतो. तुझ्या लॅपटॉपवरच्या जीसीसी कंपायलरमध्ये तो बहुधा बत्तीस बिटांचा, २१४ कोटींच्या वर जाणारा असेल. इथल्या ईसीआयएल कंपनीनं बनवलेला टीडीसी-१२ हा संगणक तर बारा बिटांचा होता. खूण धरून बारा बिटांत २,०४७ च्या वर संख्या मावत नाही. म्हणजे मर्यादा गेली नाही, दूर सरकली, आणि ती कुठे आहे ते आता तुला माहीत आहे. तेही एका ओळीत लिहून ठेव.

फंक्शन लिहून झालं की मर्यादा दोनशे कर आणि प्रोग्रॅम तीनदा चालव, १ पासून, ७ पासून आणि ८६ पासून. तिन्ही रांगा कागदावर शेजारी शेजारी उतर. ८६ वाली १०१ वर एकापासून आलेलीला मिळाली का, आणि ७ वाली १०७ वर, ते आधी बघ. मग ५ पासून काय होतं ते स्वतः शोध. त्याचं उत्तर मी मुद्दाम लिहीत नाही. कागदाचा फोटो पाठव, आणि प्रोग्रॅमही.

ताईला नमस्कार, भावोजींना सप्रेम नमस्कार.

तुझा,
मामा